धोटा, आकडी आणि अर्धं ब्लेड

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी हत्यारं मांडतात, त्यांतल्या एकावरही आज कुणाला पगार मिळणार नाही. मधोमध आजोबांचा धोटा. त्याच्या बाजूला पातळ पितळी आकडी, फणीच्या दातांतून सूत ओढून घ्यायची. मग काकांची बोथट कात्री, आणि सगळ्यात शेवटी, जरा ओशाळल्यासारखा, माझा नकाशे काढायचा मिनीड्राफ्टर. झेंडूची फुलं सगळ्यांना सारखीच. आई होती तोवर हळदकुंकू लावताना धोट्यावर तिचा हात जरा जास्त रेंगाळायचा, कारण त्याने घर चालवलं होतं. माझ्या यंत्राबद्दल तिची तेवढी खात्री नव्हती, आणि पुढे जे झालं ते बघता तिचंच बरोबर होतं.

ज्यांनी धोटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सव्वा फुटाच्या आसपास लांबीचा, कठीण लाकडाचा, होडीच्या आकाराचा तुकडा. दोन्ही टोकांना पोलादी अणी. पोटात पोकळी, तिच्यात बाण्याच्या सुताची कांडी बसते, आणि त्या सुताचं टोक बाजूच्या एका बारीक भोकातून बाहेर येतं. साचा चालू झाला की ताण्याच्या वरच्या आणि खालच्या तारांमधून हा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, तिकडून इकडे, मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा. गिरणगावात मागाला साचा म्हणत, तो चालवणाऱ्याला साचेवाला आणि जिथे असे शेकडो साचे एका छपराखाली धडधडत त्याला साचेखातं. कधी एखादा धोटा वाट चुकून सुटायचा तो समोरच्या माणसाच्या अंगावर. आजोबांच्या डाव्या भुवईतली केस न उगवलेली रेघ अशाच एका धोट्याची होती. पाटावरचा धोटा तो तोच, असं आजोबा म्हणत. काकांच्या मते ही थाप होती.

साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. त्या आवाजात बोलणं शक्यच नसे, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचत आणि हातांनी खुणा करत. आजोबा घरीही तसेच बोलायचे, म्हणजे मोठ्याने आणि हातवारे करून. परिणाम असा की आमच्या घराण्याचा इतिहास कधी खासगीत सांगितलाच गेला नाही. लालबागच्या चाळीच्या गॅलरीत बसून ते सन १९२८ ओरडून सांगत, आणि तीन खोल्या पलीकडून कुणीतरी ओरडून दुरुस्ती करी. लेखी पुरावा नसलेल्या इतिहासाला इतके चोख तपासनीस क्वचित मिळाले असतील.

आजोबा दाभोळहून आगबोटीने आले, विशी गाठायच्या आत. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा जवळ एक पत्र्याची ट्रंक आणि गाववाल्याच्या गाळ्याचा पत्ता होता. साचेखात्यात तेव्हा कोकणी माणूस बराच, तशी आपल्या माणसाला आत ओढायची रीतही होती. कामावर माणसं घेणाऱ्या जॉबरच्या हातावर दस्तुरी ठेवली, काही दिवस चुलतभावाच्या पाठीशी उभं राहून साचा पाहिला, आणि दोन साच्यांचे धनी झाले. ‘दोन साच्यांचा माणूस’ हे शब्द ते अशा काही तोऱ्यात उच्चारत की लहानपणी मला ते साचे खरोखरच आमच्या मालकीचे वाटायचे.

मग मालकांच्या मनात आलं की माणसाने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, आणि कताईच्या खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. तोंडाला गोड नाव होतं: काटकसर, सुधारणा. गिरणगावात त्याचा हिशेब सरळ होता. दर तीन साचेवाल्यांमागे एक घरी जाणार. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. डांगे, मिरजकर, अर्जुन आळवे ही पुढाऱ्यांची नावं आजोबांच्या तोंडी नातलगांसारखी येत. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. आजोबा अर्थात सहा महिने मैदानात बसले नाहीत. बहुतेकांनी केलं तेच त्यांनी केलं, म्हणजे गावाकडे जाऊन पावसाळ्यात भात लावलं. गावाकडचा तो शेताचा तुकडा हाच मुंबईच्या संपांचा खरा फंड होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत असतं. पण तो फंड किती तुटपुंजा, हे आजी सांगायची. नाचणी संपल्यावर कणगीचा तळ झाडून काढताना येणाऱ्या आवाजाची नक्कलसुद्धा करून दाखवायची.

फॉसेट चौकशी समिती नेमण्याच्या बोलीवर संप मिटला. पण पुढच्याच मार्चमध्ये पुढारी मीरत खटल्यासाठी पकडले गेले, एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला आणि या वेळी तो पुरता फसला. आजोबांचे दोन साचे गेले. परत गेले तेव्हा तिथे दुसरा माणूस उभा होता, आणि तोही गावकीतलाच, म्हणून भांडताही येईना. इथून आजोबांची बदलीची वर्षं सुरू होतात.

बदली म्हणजे काय, तर रोज पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर जॉबर बाहेर येऊन बोट दाखवणार: तू, तू आणि तू. बाकीच्यांनी घरी जायचं. आज तू झालास म्हणून उद्या होशील असं नाही. आजोबा या दिवसांबद्दल फार बोलत नसत. आजी बोलायची. ती सांगायची की काम मिळो न मिळो, हा माणूस रोज निघताना सदऱ्याच्या खिशात आकडी ठेवायचा, आणि काम न मिळाल्याच्या दिवशी घरी येऊन ती राखेने घासायचा. वापरलीच नाही ती आकडी घासायची कशाला, असं तिने एकदा विचारलं तर म्हणाले, “उद्या लागंल.” उद्या लागायचीच असं नव्हतं. युद्ध सुरू झालं, गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या, तेव्हा कुठे ते पुन्हा कायम झाले. मधल्या वर्षांत त्यांची श्रद्धा कशावर होती, असं मला लोक विचारतात. विठोबावर होती, सोमवारच्या भजनात ते पखवाज वाजवत. युनियनवर होती, वर्गणी चुकवली नाही. पण मला वाटतं सगळ्यांत जास्त ती आपल्या बोटांवर होती. तुटलेली तार आपल्याइतक्या झटकन कुणी जोडत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असणं जॉबरच्या बोटावर अवलंबून नव्हतं.

इथपर्यंत ही गोष्ट आमच्या घरात नीट बसते. कष्टाळू माणूस, वाईट दिवस, टिकून राहणं. मीही ती बरीच वर्षं अशीच सांगत होतो. पण ती गॅलरीत सांगितली जायची, आणि गॅलरीत तात्या यायचे.

तात्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे. वयाने आजोबांच्या आगेमागेच, गिरणी तीच, फक्त खातं वेगळं: रिंगखातं, जिथे सूत कातलं जातं. निवृत्तीनंतर रविवारी चालत यायचे, चहा घ्यायचे, दोघे मिळून जुन्या जॉबरांना शिव्या घालायचे. ७५-७६ साल असेल. आजोबा आम्हा पोरांना धोटा कसा ओवायचा ते दाखवत होते. नवी कांडी बसवली की तिच्या सुताचं टोक त्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हाताने वेळ जातो, म्हणून साचेवाला भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत फट्‌कन तोंडात. तुटलेल्या तारेलाही थुंकीचं बोट लावूनच पीळ द्यायचा. दिवसभरात कितीदा तरी. आजोबांनी ते धोटा तोंडाला लावून करून दाखवलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तात्या बशीतला चहा संपवत म्हणाले, “थुंकी तुमची चालायची. आमची चालायची नाय. येवढंच.”

आजोबांना ते ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही आलं नाही, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्यांनी धोटा फडक्यात गुंडाळला.

त्या चार शब्दांमागचा इतिहास मला पुढे छापील स्वरूपात भेटला. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचा पगार इतर बहुतेक खात्यांपेक्षा चांगला होता, आणि तिथेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण हेच दिलं जाई. जो धोटा एकाने तोंडाला लावला तो दुसऱ्याला लावावा लागणार. मालकांचा असा लेखी नियम असायची गरजच नव्हती. शेजारच्या साच्यावरचे कामगारच तो पाळत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संप समितीपुढे नेला: साचेखात्यासकट सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला. समितीने ती नाखुशीने घेतली. आजोबांनी १९२८ शेकडो वेळा सांगितलं असेल. तीन साचे, डांगे, भात, नाचणी, सगळं आलं. ही मागणी एकदाही आली नाही. तीन खोल्या पलीकडचे दुरुस्ती करणारेही त्या जागी गप्प असत, कारण तेही साचेखात्यातलेच.

नोकरी जाऊन पुन्हा मिळवण्याच्या गोष्टीत निदान एक दार उघडलेलं असतं. तात्यांच्या गोष्टीत ते बंदच होतं, आणि तरी ते दर काही महिन्यांनी खात्याच्या जॉबरला विचारत, साचेखात्यात नाव लावता का. जॉबर हसायचा. “त्याचं हसू बघायला जायचो,” असं तात्या म्हणत, पण ते काही खरं कारण नव्हे. विचारणं थांबवलं की साचेखात्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं, असं एकदा त्यांनीच माझ्या वडिलांना सांगितलं होतं. तात्यांचा मुलगा साठीच्या दशकात साचेवाला झाला. तोवर हाताने ओवता येणारे धोटे आले होते, आणि ओठांचा प्रश्न निदान बोलण्यातून गेला होता.

एका दिवसाबद्दल मात्र दोन्ही म्हाताऱ्यांचं एकमत असे. ७ नोव्हेंबर १९३८. मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं होतं, संपाच्या हक्काला वेसण घालणारं, आणि त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र. संध्याकाळी कामगार मैदानावर सभा. आजोबा तिथे होते, तात्याही होते, आणि आपण व्यासपीठाच्या जास्त जवळ होतो यावर त्यांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

काकांच्या हातात साचे आले ते १९५५ च्या सुमारास, आजोबांच्या ओळखीवर. माझे वडील पोस्टात लागले होते आणि त्यामुळे घरात त्यांना जरा कमी मान होता. काकांची कारकीर्द साधारण सव्वीस-सत्तावीस वर्षं बिनतक्रार चालली आणि १८ जानेवारी १९८२ ला थांबली. दत्ता सामंतांचा संप. बोनसच्या वादातून पेटलेला, अडीच लाख कामगारांचा. मी तेव्हा आठवीत. पहिले काही महिने गिरणगावात सणासारखे होते हे आता कुणाला पटत नाही. चाळीत माणसं दिवसा दिसायला लागली, कॅरमचे बोर्ड निघाले, भजनं रंगली. मग भांडी विकली जाऊ लागली. हा संप कधी कुणी रीतसर मागे घेतला नाही. संप संपल्याची तारीखच नसल्यामुळे आपण नेमके कधी बेकार झालो हे काकांना अखेरपर्यंत सांगता आलं नाही. फॉर्मवर ते तो रकाना कोरा सोडत.

काकांनी दादरला भाजीची पाटी लावली, ती चालली नाही. एका गोदामात रात्रीची राखण केली. शेवटी भिवंडीला गेले, यंत्रमागावर. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने साचे कैक वर्षांपासून भिवंडी-मालेगावकडे जात होते. काका सांगत, पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरलो आणि लोखंडात ओतलेलं ‘ब्लॅकबर्न’ हे नाव बघितलं, तसं वाटलं, हाही इकडंच आला म्हणायचा. साचा तोच, धोटा तोच. बारा तासांची पाळी, पगार निम्म्याच्याही खाली, ना प्रॉव्हिडंट फंड ना रजा. ज्या कामात ते उस्ताद होते तेच काम त्यांना शिकाऊ पोराच्या भावात करावं लागलं. माझ्या मते बेकारीपेक्षा हे जास्त बोचलं असणार. तरी शनिवारी घरी आले की सोमवारी पहाटे भिवंडीची गाडी पकडण्याआधी ते जुन्या गिरणीच्या दारावरून जायचे. बंद दारावर नोटीस लागलीय का ते बघायला. गिरणीचा पास त्यांनी प्लॅस्टिकमध्ये शिवून घेतला होता. आम्ही पोरं हसायचो.

त्या काळात घर चाललं ते काकीच्या पोळ्यांवर. गिरणगावातल्या खानावळी बायकाच चालवत: एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण, पैसे पगाराला. त्यांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं; काकी त्यातून कर्ज घेऊन उभी राहिलेली. संपात तिचे निम्मे खाणावळे उधारीवर जेवले आणि त्यांतले बरेच गावी गेले ते गेलेच. काकीच्या वहीत त्यांची नावं आहेत. ती नावं काट मारून बंद करायला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

आता माझ्या यंत्राबद्दल, थोडक्यात, कारण त्यात फारसं काही नाही. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो. उतरत्या फळीचं टेबल, त्यावर ताणून चिकटवलेला ट्रेसिंग पेपर, रोटरिंगची पेनं, अक्षरांच्या स्टेन्सिल, अमोनियाच्या प्रिंटचा डोळ्यांतून पाणी काढणारा वास. रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान घेऊन शाई हलकेच खरवडायची, कागद न फाटता. या एका गोष्टीत माझा हात कचेरीत सगळ्यांपेक्षा चांगला होता. ब्लेड नीट अर्धं मोडायलाही हात लागतो. ऑटोकॅड अमेरिकेत डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं, म्हणजे काका संपावर होते त्याच वर्षी. आमच्या कचेरीत पोचायला त्याला दहाएक वर्षं लागली. तिथे चुकलेली रेघ एका कळीसरशी नाहीशी होते. माझी नोकरी गेली तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, “संप झाला काय रे?” नाही म्हटल्यावर त्यांना ते कळेना. संप नाही, टाळेबंदी नाही, मग माणूस घरी कसा?

मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणक शिकलो, वयाने लहान मुलांच्या मध्ये बसून. मिनीड्राफ्टर मात्र विकला नाही, त्याला गिऱ्हाईकही नव्हतं. नव्या नोकरीत आलेलं एक काम सांगण्यासारखं आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली होती, आणि एका बंद गिरणीच्या इमारतींची मोजणी आमच्याकडे आली. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं. दातांची काचेची बाजू उत्तरेला असते, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. तार कुठे तुटली ते दिसायला तो उजेड लागतो. साचे गेले होते. फरशीवर त्यांचे पाय रोवलेल्या बोल्टांची भोकं रांगेने होती. नकाशात ती दाखवायची नव्हती, इमारत पाडायचीच होती. मी दोन साच्यांमधलं अंतर टेपने मोजलं. माणूस तिरपा होऊनच जाईल इतकं. आजोबा घरातसुद्धा दोन खुर्च्यांमधून तिरपे जायचे, त्याचा मला अचानक उलगडा झाला. मोजमाप मी वहीत लिहिलं आणि कचेरीत दिलं नाही.

काका २००९ मध्ये गेले. त्यानंतर म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर होता याचा पुरावा पाहिजे. वारसही अर्ज करू शकतात. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं होती ६,९२५. पुरावा शोधायला निघालेल्या कुटुंबांनी ट्रंका उपसल्या, गिरण्यांच्या बंद कचेऱ्या गाठल्या. माझ्या चुलतभावाला काही शोधावं लागलं नाही. प्लॅस्टिकमध्ये शिवलेला पास देवघराच्या फळीवर होता, नंबर वाचता येईल इतका स्वच्छ.

२०१६ च्या डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन गावातल्या घरांची सोडत निघाली. चुलतभाऊ उत्साहात काकीला सांगायला आला, या खेपेला आपला नंबर लागेल. ती तेव्हा पंचाहत्तरीला आलेली, कणीक मळत होती. अजून सात-आठ डबे जात होते तिचे. तिने कोन कुठे आलं ते विचारून घेतलं, स्टेशनपासून किती लांब तेही विचारलं.

“नंबर लागू दे,” ती म्हणाली, “पण आधी जाऊन बघून ये, तिकडे एकटी राहणारी माणसं हायत का. जेवायला कोण येणार त्याशिवाय?”